लहूच्या नावाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. माझा रंग हिरवट आहे, खांद्यावरचा एक टवका उडाला आहे आणि बूच कधीचेच हरवले आहे. घाटकोपरच्या एका चाळीत, खिडकीच्या फळीवर माझा मुक्काम असतो. आता रॉकेल भरायलाही मला कोणी विचारत नाही. पण एके काळी एका घराचा सगळा जीव माझ्यात गुंतला होता. ती हकीकत तुम्हाला सांगावी असे फार दिवस मनात आहे.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. तापून लाल झालेली काच साच्यात फुंकली आणि मी बाहेर आले. माझ्या पोटात पहिल्यांदा भरले ते शक्तीचे औषध. अंगावर सोनेरी कडांचे छापील लेबल! तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! अण्णा नावाच्या एका गृहस्थांनी मला विकत घेतले. ते कचेरीतून नुकतेच पेन्शनीत निघाले होते आणि अशक्तपणा आला असे त्यांच्या मनाने घेतले होते. ते रोज दोन चमचे औषध घेत आणि "काडीचा गुण नाही" असे म्हणत. तरी तळ दिसेपर्यंत त्यांनी मला सोडले नाही. मग माझी रवानगी बाटलीवाल्याच्या पोत्यात झाली. लेबल सोलले गेले आणि माझा तोराही त्याच्याबरोबर गेला.

बाटलीवाल्याकडून मला सोनूबाईने घेतले. तिचा नवरा लहू आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात छत्रीच्या काड्या घडवत असे. ही दोघे राजापूरकडची. त्यांना माणिक नावाची सहा वर्षांची मुलगी होती. त्या काळी दवाखान्यात जाताना औषधासाठी बाटली आपल्या घरूनच न्यावी लागे. म्हणून सोनूबाईने मला राखेने घासले, ऊन पाण्याने धुतले आणि खुंटीवरच्या पिशवीत ठेवले. आजारी माणसांची सेवा करायला मिळणार म्हणून मला मनापासून आनंद झाला.

त्या कारखान्याची एक जुनी रीत होती. कामगार किंवा त्याच्या घरचे कोणी आजारी पडले, की मालक चंद्रप्रकाशशेठ एक चिठ्ठी लिहून देत. ती डॉक्टरला दाखवली की औषध मिळे आणि शेठ दिवाळीला सगळा हिशेब चुकता करत. मात्र चिठ्ठी मिळणे शेठच्या मर्जीवर असे. मर्जी नसली तर माणूस खोकत कामावर उभा राही.

मग १९५४ साली, दिवाळीच्या सुमारास, मुंबईत सरकारची कामगार विमा योजना सुरू झाली. लहूच्या पगारातून दर आठवड्याला काही आणे कापले जाऊ लागले. शेठलाही आपल्या पदरचे त्यात भरावे लागले. त्याबदल्यात लहूला एक कार्ड मिळाले. आजारी पडलास तर औषध फुकट आणि घरी राहावे लागले तर थोडा पगारही, असे त्याला सांगितले गेले. कोणाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. लहूने ते कार्ड देवाच्या तसबिरीमागे ठेवले. मलाही योजना फार आवडली.

पण एक गोष्ट कोणी नीट समजावून सांगितली नव्हती. औषध फक्त कार्डावर नाव असलेल्या कामगाराला होते. त्याच्या बायकोला नाही, आईला नाही, पोरांना नाही. माणिकला खोकला आणि ताप आला तेव्हा लहू नेहमीप्रमाणे चिठ्ठी मागायला गेला. शेठ म्हणाले, "अरे, आता तुम्ही सरकारचे पेशंट. मी तिकडेपण भरू आणि इकडेपण भरू? मी काय धर्मशाळा उघडलीय?" शेठचेही अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या खिशाला नवीन कात्री लागली होती. पण जुनी वाट बंद झाली आणि नवी वाट फक्त लहूपुरतीच रुंद निघाली.

लहू घरी येऊन खाटेवर बसला. सोनूबाई म्हणाली, "कार्ड हाय ना? मंग तुमीच खोका."

"म्हणजे गं?"

"तुमाला खोकला झालाय म्हणून सांगा. अवशद आणा. पोरीला अर्दं देऊ. ती केवडी, तुमी केवडे!"

चाळीत बाकीच्या बायकाही असेच करत होत्या. त्यामुळे आपण काही वावगे करतो आहोत, असे तिला वाटलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहू मला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टर मृणालिनीबाई तिथे कार्डवाल्यांनाही तपासत आणि पैसे देणाऱ्यांनाही. लांब बाकावर रांगेत माणसे बसलेली होती. आणि पाहते तर काय, त्यांच्यात माझे जुने धनी अण्णा! त्यांनी मला ओळखले नाही. उघड्याबोडक्या बाटलीला कोण ओळखणार?

अण्णांची तोफ सुरूच होती. "तुमची मजा आहे रे! कार्ड दाखवा, औषध घ्या. आम्हा पेन्शनरांना काय? महागाई वाढते, पेन्शन आहे तिथेच. आमचं दुखणं सरकारच्या हिशेबातच नाही." मग त्यांनी लहूकडे निरखून पाहिले. "काय रे, बाकावर तर ठणठणीत दिसतोस. तुझा खोकला काय आत बाईंकडेच बसलाय?"

सगळे हसले. लहूची मान खाली गेली आणि त्याला घाईघाईने खोकला आला.

बाईंनी त्याला विचारले, त्याने सांगितले, त्यांनी लिहून दिले. कंपाउंडर गुणाजी याने माझ्यात तपकिरी मिक्श्चर ओतले. मग त्याने कागदाची एक पट्टी घेतली, तिच्या घड्या घातल्या आणि कात्रीने कोपरे उडवले. पट्टी उलगडली तर एका कडेला एकसारखे दाते! ती त्याने खळीने माझ्या पाठीवर चिकटवली. एका वेळी एका दात्याएवढे औषध घ्यायचे. पट्टीच्या वर त्याने लहूचे नाव लिहिले.

घरी आल्यावर सोनूबाईने सुई घेतली आणि प्रत्येक दोन दात्यांच्या मधोमध पट्टीला एक टोच मारला. माणिकसाठी अर्धे औषध. किती काळजीपूर्वक मोजायची ती! उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून. पण मित्रांनो, ते औषध मोठ्या माणसाचा रात्रीचा खोकला दाबण्यासाठी होते. ते घेतले की माणिकला गुंगी येई. खोकणे थांबे. सोनूबाईला वाटे, पोरीला गुण आला. ती आनंदाने लहूला म्हणे, "बगा कशी शांत निजलीय." पोरीचा श्वास मात्र फळीवरून मला ऐकू येत होता. तो वरचेवर आखूड होत चालला होता. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. याचे जेवढे दुःख मला त्या दिवसांत झाले, तेवढे पुढे कधी झाले नाही.

मी रिकामी झाले तेव्हा लहू मला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला. जुनी पट्टी भिजवून काढायला गुणाजीने मला हातात घेतले आणि तो थबकला. त्याने मला खिडकीच्या उजेडात धरले आणि तसेच नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवले.

बाईंनी टोच पाहिले. मग लहूची छाती तपासली. पुढून आणि पाठीमागून.

"लहू, तुझी छाती साफ आहे. घरी कोण आजारी आहे?"

"कोण नाय बाई. मीच."

"खोटं बोलू नकोस. हे अर्धं औषध कोणाला देतोस?"

कार्ड जाईल, कारखान्यात कळेल, नोकरी जाईल, असे सगळे लहूच्या तोंडावर दिसत होते. मग तो एकदम बोलला. "पोरीला देतो, बाई. माझ्या पगारातनं कापतात ना? ती बी त्याच पगारावर जेवते. मग कापलं कोणाचं? एकट्या माझंच?"

बाईंनी माझ्यावरचे टोच पुन्हा एकदा पाहिले. बाकावर आजही अण्णा होते; त्यांनीही ते ऐकले.

बाई दारात आल्या आणि बाकाकडे पाहून म्हणाल्या, "कार्डवाल्यांनो, खरं सांगा. तुमच्यातलं खरंच आजारी कोण आहे? मी कोणाचंही नाव वर कळवणार नाही."

मग एक कामगार उठला आणि त्याने आपली बाटली टेबलावर माझ्या शेजारी ठेवली. तिच्या पट्टीवर काजळाच्या रेघा होत्या. "आईचं आहे, बाई." दुसऱ्याने ठेवली. तिच्यावर अर्ध्या मापापाशी दोरा बांधलेला होता. "बायको बाळंतीण आहे." मग तिसरी आली, चौथी आली. कोणाचा धाकटा भाऊ, कोणाची पोर. नावे सगळी बाप्यांची आणि औषध सगळे घरच्यांचे. टेबलावर आम्हा बाटल्यांची गर्दी झाली. अण्णा हळूच म्हणाले, "अरेरे, मी उगाच चेष्टा केली रे तुझी."

"आधी तुझी मुलगी," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी उचलली आणि भरल्या बाकावरची माणसे तशीच ठेवून त्या लहूच्या मागोमाग चाळीत आल्या. माणिकला न्यूमोनिया झाला होता. बाईंनी तिथल्या तिथे सुई दिली. त्यानंतर त्या रोज येत राहिल्या. सोनूबाई त्यांच्या पायाशी बसून रडली. "मी अर्दं मोजून देत हुते वो," एवढेच ती पुनःपुन्हा म्हणत होती. बाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी तिला पोरीच्या उशाशी बसवले आणि पाणी कसे पाजायचे ते दाखवले.

माणिक वाचली. ताप उतरला तेव्हा तिने पहिल्यांदा भात मागितला. त्या दिवशी मी फुटले असते तरी मला चालले असते.

पुढे घरच्यांनाही औषध द्या, असे पत्र बाईंनी विम्याच्या कचेरीला लिहिले. 'विचार चालू आहे' असे उत्तर आले. घरच्यांसाठी तरी चिठ्ठी चालू ठेवा, असा शेठना निरोप पाठवला, तर ते म्हणाले, "कायद्यात लिहा, मग देतो." तेव्हा बाई म्हणाल्या, "कायदा मला मोडता येत नाही, पण संध्याकाळची वेळ माझी आहे." त्या वेळी त्या कामगारांच्या घरच्यांना तपासू लागल्या. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावे. पहिल्याच संध्याकाळी बाकाच्या टोकाला अण्णा येऊन बसले होते. "पेन्शनरही कोणाच्या तरी घरचेच असतात," असे त्यांचे म्हणणे होते. बाई हसल्या आणि त्यांनी अण्णांनाही तपासले. बऱ्याच वर्षांनी कायदा बदलला आणि घरच्यांनाही औषध मिळू लागले, असे मी ऐकते.

त्या पहिल्या संध्याकाळी लहू आणि सोनूबाई माणिकच्या उरलेल्या खोकल्यासाठी मला घेऊन आले, आणि गुणाजीने मला धुतले. नवीन पट्टी कापली, तिचे दाते अगदी बारीक होते. दौतीत टाक बुडवून त्याने विचारले, "नाव?"

"लहू," लहू सवयीने बोलून गेला.

"बापाचं नको, पोरीचं सांग."

"माणिक," सोनूबाई म्हणाली, आणि गुणाजीने ते ठळक अक्षरात माझ्या अंगावर लिहिले.

मित्रांनो, एकाच्या नावाचे औषध दुसऱ्याला कधी देऊ नका. अर्धे मोजून तर मुळीच देऊ नका, मोजणारा हात कितीही मायेचा असो. आजारी माणसाला डॉक्टरपुढे न्या आणि असेल ते खरे सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी कायदे लिहायला बसलेच, तर फक्त कारखान्यातली माणसे मोजून उठू नका. संध्याकाळी त्यांच्या घरी जा आणि तिथे किती ताटे वाढली जातात, तेही मोजा.