चौथी तार

मी बोलतेय, इंग्लंडमधल्या हल शहरातल्या क्लाइव्ह हेब्डनची बेस गिटार. जात माझी चार तारांची, पण आयुष्य काढलं तिनांवर.

१९७७ साली क्लाइव्ह ‘गंजके खिळे’ या पंक बँडमध्ये होता. गाणं आवडलं की थुंकायचं, फारच आवडलं की ग्लास भिरकावायचा, अशी तेव्हाच्या प्रेक्षकांची रीत! पहिल्याच कार्यक्रमात एक ग्लास माझ्या डोक्यात बसला आणि सगळ्यात वरच्या, जाड तारेची खुंटी मोडली. क्लाइव्ह म्हणाला, “राहू दे, तिनांत भागतंय.” भागलंही.

खिळ्यांचा बँड फुटला. मग ‘ओला कोळसा’ निघाला, मग ‘सोमवारचे चोर’. दरवेळी भांडण एकच, शहाणा कोण! दरवेळी क्लाइव्ह माझ्या पोटावर जुन्या नावावरच नवं नाव रंगवायचा. पुढे तो बस चालवायला लागला आणि मी वीस वर्षं पलंगाखाली. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

यंदा खिळ्यांनी पुन्हा एकदा वाजवायचं ठरवलं. क्लाइव्हच्या मुलीनं, गेलनं, मला गुपचूप दुकानात नेलं. रंग खरवडून काढला, खुंटी बसवली, चौथी तार ओढली.

“बाबा, बघा! अगदी नवी!”

क्लाइव्हचा चेहरा उतरला, पण म्हणाला, “झकास गं पोरी.”

कार्यक्रमाच्या दुपारी तालीम झाली. बोटं सवयीनं वरच्या तारेवर जायची आणि तिथे आता ही भलतीच बया! गाण्याचा पार बट्ट्याबोळ झाला.

गायक नेव्हिल वैतागला. “हात गेले रे तुझे! जावयाला बोलावू का माझ्या?”

“बोलाव,” क्लाइव्ह म्हणाला. “वय झालं.”

गेल समोरच बसली होती, म्हणून खरं बोलेना. माझा जीव तुटत होता, पण मी पडले लाकूड.

शेवटी क्लाइव्हची बायको नॉर्मा उसळली. “वय कसलं डोंबलाचं! ती चौथी तार मेली आडवी येतेय. लेकीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलाय हा!”

गेलचे डोळे भरले. “आधी बोलायचं ना, बाबा!”

“तू एवढ्या हौशीनं केलंस गं...”

गेल उठली, ड्रमवाल्याच्या पेटीतून पक्कड आणली आणि स्वतःच तार कापली. संध्याकाळी आम्ही असं वाजवलं की एकानं ग्लास भिरकावला. प्लॅस्टिकचा होता, पण बरं वाटलं.

आता मी बैठकीच्या खोलीत भिंतीवर असते. गेल आली की रिकामी खुंटी पुसते. कुणाची जुनी वस्तू नवी करायची हौस आली, तर आधी त्याला विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर बाबांनो, तोंड उघडा. लाकूड व्हायला मी आहे.