गगनपथकाचा चौदावा अंक

मित्रांनो, माझं वय झालं आहे, हे माझ्या दोन गंजक्या पिनांवरून तुम्हाला कळेलच. मी कॉमिकचा एक जुना अंक आहे. ‘गगनपथक’, अंक चौदावा, पानं बत्तीस. पाच वीर, एक खलनायक आणि मधेच कोसळणारा एक पूल, एवढाच माझा ऐवज. छापताना लाल रंग जरा सरकला, त्यामुळे पथकाच्या नायकाचे ओठ त्याच्या गालावर आले. तरी तो पानोपानी भाषणं ठोकतो. आता त्याला काय करणार?

मला एका घरातल्या तीन भावंडांनी वाचलं. वाचलं कसलं, गाजवलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचं आणि मोठ्याने वाचायचं. दादा थोरला, म्हणून नायक त्याच्याकडे. उरलेले चार वीर आणि खलनायक मधल्याने अंगावर घेतले. धाकटीला अजून अक्षरओळख नव्हती, म्हणून तिच्या वाट्याला नुसते आवाज आले. सूंऽऽ, फट्, खणण्, आणि नवव्या पानावर पूल कोसळतो तेव्हाचा धडाम. ती चित्रं बघण्यात गुंग व्हायची आणि हमखास तिची पाळी चुकायची. मग दादा तिला कोपराने ढोसायचा. पाळी चुकली की पान पुन्हा पहिल्या चौकटीपासून, असा त्याचा नियम होता. तिथे रडारड चालायची नाही. नववं पान त्यांनी इतक्यांदा वाचलं की त्याचा एक कोपराच गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. चालायचंच.

पुढे मुलं मोठी झाली. मधल्याने मला प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, वर चिकटपट्टी लावली आणि कपाटात ठेवलं. पाहुण्यांना तो मला लांबूनच दाखवायचा. किती छान जपलाय, असं सगळे म्हणायचे. खरं सांगतो, त्या कौतुकाचा मला कंटाळा आला. तीस वर्षं मला कुणी उघडलं नाही.

मग दादाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, ती हळूहळू सावरली, पण वाचा गेली. सगळं समजायचं, बोलता मात्र येईना. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या, चित्रं दाखवून नावं विचारायच्या. चार महिने झाले, एक शब्द फुटला नाही. शेवटी दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि प्रयत्नच सोडला. त्याने मनावर घेतलं नाही तर बोलणं परत येणं कठीण आहे, असं बाईंनी सांगितलं. लहानपणी तोंडपाठ असलेलं काही असेल तर काढून बघा, असंही म्हणाल्या.

धाकटीने थेट मधल्याचं कपाट गाठलं. त्याने आढेवेढे घेतले. कागद पार ठिसूळ झालाय, हात लावलास की फाटेल, असं त्याचं म्हणणं.

“फाटू दे,” ती म्हणाली. “वाचायलाच छापलंय ना त्याला?”

तिघं दादाच्या खाटेवर दाटीवाटीने बसली, धाकटी त्याच्या डाव्या हाताला. मला उघडताना एक पिन निखळली. नायकाची पाळी आली की धाकटी थांबायची, दादाकडे बघायची. आठव्या पानावर त्याचे डोळे भरून आले.

“बास कर ना गं,” मधला म्हणाला. “का छळतेस त्याला?”

मग धाकटीने नायक स्वतःकडे घेतला. नवव्या पानावरचं ते लांबलचक भाषण ती घसा ताणून वाचत सुटली. पूल कोसळला तरी तिला पत्ता नाही. ती सरळ पुढच्या चौकटीत शिरली.

दादाचं कोपर तिच्या बरगडीत बसलं.

“धडाम,” दादा म्हणाला. आवाज घोगरा होता आणि चांगलाच चिडका.

धाकटीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. मधला आ वासून बघत राहिला. मी कागद आहे, मला सहसा काही होत नाही. त्या दिवशी झालं.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा, पण पाकिटात कोंडू नका. मोठ्याने वाचा, हाताळा, कोपरे गेले तर जाऊ द्या. माझं नववं पान त्या दिवशी मधोमध फाटलं. मधला ते उलटायला गेला आणि दादा सोडेना. त्याने डाव्या हाताचं बोट पहिल्या चौकटीवर गच्च दाबून धरलं होतं. धाकटीची पाळी चुकली होती ना!