धर्माचा रकाना

हेडमास्तर सोपानरावांचा टाक 'धर्म' या रकान्यावर येऊन थबकला, आणि तानुबाईच्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं. सन १९६४, जून महिना. लेक कस्तुराचं नाव शाळेत घालायला ती कासारवाडीचं रेल्वे फाटक ओलांडून चालत आली होती. नवरा किसन कंपनीत पहिल्या शिफ्टला होता.

"हिंदू महार," सोपानराव लिहिता लिहिता पुटपुटले.

"न्हाई गुरुजी. बौद्ध."

"बरं, नवबौद्ध लिहितो."

"दीक्षेला आठ वर्सं व्हत आली. तुमच्या सूनबाईला आठ वर्सांनी नवी नवरी म्हनता का?"

रांगेत कुणीतरी हसलं. सोपानरावांनी टाक दौतीशेजारी ठेवला. "मग दाखला आण. पुराव्याशिवाय मी जुनंच लिहिणार."

दाखला कुठला? दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून ती माणसांच्या त्या शुभ्र, अथांग विस्तारात उभी राहिली होती. असंख्य कंठांतून उठलेला तो शब्द तिच्या हाडांत मुरला होता. हाडांवर शिक्का कोण मारणार? पण आज तो कागदावर उतरला नाही, तर टाकून दिलेलं नाव कस्तुराला जन्मभर चिकटून राहणार होतं.

मागे नातवाला घेऊन गावचे जुने बागायतदार आबाजी उभे होते. सोपानराव त्यांच्याकडे वळले. "आबाजी, तुम्हीच सांगा. ही माणसं कोण?"

तानुबाईने डोळे मिटले. सात वर्षं आबाजी तिच्या वस्तीशी बोलले नव्हते.

"माजा खिल्लारी बैल मेला," आबाजी सावकाश म्हणाले, "तवा हिच्या सासऱ्याला सांगावा धाडला. मेलं ढोर ओढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं. म्हातारा म्हनला, आमी आता बौद्ध हाय, वढनार न्हाई. दोन दिस बैल दारात. सारं गाव नाक दाबून हसलं. शेवटी मी आन् माज्या पोरानं वढला." आवाज अजून धुमसत होता. "त्ये बौद्ध न्हाईत, तर मी बैल कशापायी वढला?"

सोपानरावांनी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं.

"वाचा की गुरुजी," तानुबाई म्हणाली.

"बौद्ध."

"मोठ्यानं."

त्यांनी रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.

आबाजी पुढे सरकताना गुरगुरले, "बैलाचं मी इसरलो न्हाई, तानू."

"इसरू नका, आबा. पुढच्या साली धाकटीचं नाव घालायचंय."