जवसाचे तेल प्यालेली बाल्साची फळी

मित्रांनो, २०२० साल नुकतेच लागले होते. आदल्या हंगामाच्या लांबलेल्या पावसाने बाभुळगावच्या शिवारातली कपाशी बोंडातच काळी पडली होती.

मी एक जुनी बाल्साची फळी आहे. जन्म दूर इक्वेडोरच्या जंगलातला. अंग वहीच्या पुठ्ठ्याहूनही हलके. माझी भावंडे पवनचक्क्यांच्या अजस्र पात्यांच्या पोटात गेली. मी तेवढी विज्ञान शिकवणाऱ्या विमलताईंच्या शाळेतल्या कपाटात उरले.

सातवीतल्या मैत्रेयीच्या हाती मला देताना विमलताई म्हणाल्या, "जपून काप, बाई. पवनचक्कीवाले सारा माल उचलून राह्यले. दुसरी भेटणार नाही."

माझे पंख करून मैत्रेयी रविवारी यवतमाळच्या स्पर्धेत विमान सोडणार होती. दहा सेकंद तरंगले, तरच नागपूरला निवड.

शनिवारी शाळेतून आली आणि मला उचलताच किंचाळली. आजोबा गोविंदांनी वखराच्या दांड्याबरोबर मलाही जवसाचे तेल पाजले होते. मीही अधाशी, सगळे पिऊन जड झाले.

"आबा, काहून लावलं तेल?"

"लाकूड तडकू नये म्हनून, माय. मले काय मालूम याले उडाचं हाय?"

"तुह्या आबायचं चाललं तर भिंतीलेही तेल पाजतीन!" आजी तुळसाबाई फणकारली.

मैत्रेयीने मला हवेत सोडून पाहिले. मी धपकन पडले. ती रडलीही नाही. त्याचेच मला भय वाटले.

आबा गुपचूप बाहेर गेले. सगळ्या गावात कपाशी. ज्वारी एकट्या मारोतरावांनी पेरली होती. त्यांच्या कडब्याच्या गंजीतून आबांनी ज्वारीचे वाळलेले, हलके धांडे आणले. "लहानपनी याच्या खेळाच्या बैलबंड्या करत होतो आम्ही." तिघांनी सालपटे काढून पंखांचा सांगाडा बांधला, त्यावर पतंगाचा कागद चिकटवला. पण विमान नाक वर करी आणि मागे कोलमडे. पुढे वजन हवे होते.

मैत्रेयीने माझ्याकडे पाहिले. माझे बोटभर तुकडे कापून तिने नाकाशी घट्ट बांधले.

रविवारी मैदानावर विमलताई मोजत होत्या. सात... आठ... वारा पडला. माझे नाक खाली झुकले. नऊ... जमीन वर येत होती. सगळा भार सावरून मी सरळ राहिले. दहा! अकरा!

नागपूरची स्पर्धा टाळेबंदीत झालीच नाही. विमलताई निवृत्त झाल्या. मारोतराव अजून ज्वारी पेरतात. आबा गेल्या वर्षी वारले. त्यांची तेलाची वाटी तुळसाबाईने कोणाला दिली नाही. मैत्रेयी पवनचक्कीची पाती दुरुस्त करायला शिकते आहे. मी तिच्या पेटीत असते, अजून जवसाचा वास घेऊन.

मित्रांनो, माया जरूर करा. पण तेल लावण्याआधी एकदा विचारा, याला पुढे काय व्हायचे आहे?