वाटेत भेटलेला हात

"वहिनी, हात."

भाजी चिरता चिरता नणंद म्हणाली. वहिनीने पाहिलं, उजवा हात खरंच कानामागे पोचलेला. तिने मूठ आवळून मांडीवर धरली. ओढ ओसरेपर्यंत धरायची, असं मनाच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं.

"पोलीस परवडले गं तुझ्यापेक्षा."

"त्यांना पगार असतो. मी फुकट राबतेय."

वहिनी कापडगिरणीत तपासणीला होती. कापडाचं ठाण समोरून सरकायचं आणि तिची बोटं त्यातली गाठ हुडकून चिमट्याने उपटायची. घरी तीच बोटं डोक्यात शिरत. राठ केस लागला की उपटलाच. टाळूवर तळहाताएवढी जागा उजाड झाली होती. रुमाल बांधल्याशिवाय ती दार उघडत नसे. "सोड ना ते," नवरा म्हणे. सोडायचं तर तिलाही होतं, पण हात तिला विचारून थोडाच जायचा!

"आधी थांबवू नका," बाई म्हणाल्या होत्या. "हात निघाला की ओळखा फक्त."

मग एका दुपारी तो तिला वाटेतच भेटला. छातीशी आलेला, झोपेत चालणाऱ्या लेकरासारखा. ती श्वास रोखून बघत राहिली. इतकी वर्षं हा आपल्याच अंगावरून जात होता! तिला रागच येईना. दचकवू नये म्हणून तिने तो हलकेच खाली घेतला.

बोटांना चिकटपट्टी लावायलाही बाईंनीच सांगितलं होतं. ही भाबडी ती लावूनच गिरणीत गेली. गाठी तशाच राहिल्या नि ठाण परत आलं.

"बोटं घरी विसरलात का?" मुकादमाने विचारलं.

तेव्हापासून पट्टी घरापुरती.

हळूहळू टाळूवर लव आली. पण नवे केस राठ, वाकडे, नेमके बोटांच्या आवडीचे. आणि आज नणंद सासरी परतणार होती. उद्यापासून "हात" म्हणायला घरात कोणी उरणार नव्हतं.

नणंद अंघोळीला गेली आणि बोटांना एक सापडला. चिमटीत आलासुद्धा. या खेपेला वहिनीला कळलं होतं, तरी चिमटी सुटेना. ओढ चढत गेली, पार दातांत शिरली. उपटल्याशिवाय ही जात नाही, हे तिला जन्माचं ठाऊक. ती बसून राहिली. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, तेही मागणं न मागता. आणि ओढ माथ्यावर थोडी थबकली नि आपली आपण उतरू लागली. कोणी हाकललं नव्हतं. बोटं सैल झाली. वहिनीच्या अंगावर काटा आला.

नणंद बाहेर आली, बॅग उचलताना थांबली.

"वहिनी, एक वाकडा उभा राहिलाय बघ. पाणी लावून बसवू का?"

"नको गं वन्सं," वहिनी म्हणाली. "असू दे उभा."

आणि तशीच, उघड्या डोक्याने, ती नणंदेला पोचवायला रस्त्यापर्यंत गेली.