पावडरचे ठिपके

"पावडर लावून यायचं नाही, असं भिंतीवर लिहिलंय, कागदावर लिहिलंय, फोनवर मी स्वतः सांगितलंय," धाकटी म्हणाली. "आता काय तुझ्या कपाळावर लिहू?"

ताईने ओलं फडकं घेतलं आणि काख पुसायला लागली. घाम येतो गं, म्हणाली, चारचौघींत वास नको.

स्तनांचे एक्स-रे काढण्यात धाकटीची बावीस वर्षं गेली होती. बायका पावडर थापून येत, तिचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन उमटत, आणि कॅन्सरच्या सुरुवातीचे ठिपकेही मेले नेमके तसेच. मग पुसा, पुन्हा दाबा, पुन्हा काढा. सांगून सांगून तोंडाला फेस यायचा. विभागात तिचं नावच पावडरबाई पडलं होतं. आणि ही ताई! सख्खी बहीण मशीनवर, तरी चार वर्षं टाळाटाळ. आधी सुनेचं बाळंतपण, मग गुडघा, मग काय तर म्हणे मशीन जुनं आहे. नवं मशीन आलं, तीही सबब संपली, तेव्हा कुठे बाईसाहेब उगवल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नवं मशीन कमानीसारखं फिरत फोटो घ्यायचं. पावाचे काप करावेत तसे पातळ थर पडद्यावर एकेक करून बघता यायचे.

"श्वास रोख. हलू नकोस. बोलू तर मुळीच नकोस."

ताईने श्वास रोखला. लहानपणी धाकटीची वेणी घालताना, हलू नकोस म्हणून हिनेच टपल्या मारल्या होत्या.

पडद्यावर ठिपके होतेच. सात-आठ, एका जागी गोळा झालेले. हिला धड पुसताही येत नाही, असं पुटपुटत धाकटीने पहिला थर उघडला. पावडर कातडीवर असते, म्हणजे ती इथेच दिसायला हवी. थर स्वच्छ होता. पाचवा स्वच्छ, दहावा स्वच्छ. तिसाव्या थरात, अगदी मधोमध, ठिपके लख्ख उमटले. तिने खालून वर पुन्हा एकदा पाहिलं.

"पावडरच ना गं?" गाऊन सावरत ताईने विचारलं. "परत पुसू?"

चार वर्षं काय झोपली होतीस, असं धाकटीला ओरडायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

"नको," ती म्हणाली. "बस जरा. डॉक्टर बघतील."

ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ओरडत का नाहीस?"

धाकटीने पडद्याकडे तोंड फिरवलं. ताईने ओलं फडकं उचललं आणि स्वच्छ झालेली काख पुन्हा पुसायला घेतली.