लाल पट्ट्यातला श्वास

मोहर्लीच्या वाटेवरच्या आमच्या गावात, श्वासबाबांच्या मांडवात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर निकेश बसला होता. ओठ फिकट, खांदे वर ओढलेले. दोन शब्दांतच त्याला धाप लागत होती.

"पहा, छातीवर सैतान बसला आहे," बाबा म्हणाले. मग त्यांनी त्याच्या पोटाला एक लाल पट्टा गच्च बांधला आणि फुंकर मारली. हळूहळू निकेशचा श्वास लांबला. माणसांनी हात जोडले.

"प्राणवायूचं लॉक आपण खोललं. आता पायाचं बाकी आहे." बाबांनी त्याच्या तळव्यावर काडी ओढली. पाय ताडकन उडाला. बायांनी डोळ्यांना पदर लावला.

निकेश जंगलातला गाईड, दिवसभर पर्यटकांशी बोलणारा माणूस. गेल्या हंगामात धानाच्या बांधीत, शेत राखायच्या मचाणावरून पडला आणि मानेच्या मणक्याला मार बसला. दवाखान्यातून आल्यावर घरच्यांनी त्याला इथे आणून ठेवलं. बाबांचे नियम दोन. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, कारण बोलण्यात श्वास खर्च होतो. आणि पोटाला कोणी हात लावायचा नाही.

आमचं अर्धं गाव जंगलावर जगतं. जनावराची चाहूल लागली की तोंड मिटायचं, ही सगळ्यांची सवय. त्यामुळे बाबांचा नियम कोणाला खटकलाच नाही. निकेशचे सोबतीसुद्धा चपला हातात घेऊन यायचे, पाहायचे आणि निघून जायचे. तो टिनाच्या छताकडे पाहत पडून असायचा.

मी एकदा जवळ बसलो, तेव्हा तो पुटपुटला, "गुरुजी, मले सारे पाहून जातात. कसा आहेस, ते कोणी विचारत नाई."

त्याच्या छातीत कफ घरघरत होता. त्याला स्वतःला जोरात खोकता येत नव्हतं. खोकताना बरगड्यांखाली कसं दाबायचं, ते दवाखान्यात त्याच्या बायकोला, नूतनला, शिकवलं होतं. बाबांनी तेच बंद केलं होतं. मी चंद्रपूरला जाऊन त्याच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. कफ असाच साचला तर तो वाचणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून त्या सोमवारी मी उठलो. हा पट्टा सोडून माझ्या खांद्यावरचा दुपट्टा बांधून पाहू, म्हणालो.

"मास्तर, ह्या कपड्यात हिमालयातली तपश्चर्या आहे. तुमच्या दुपट्ट्यात काय आहे?"

"घाम," मागून गावातला देवाजी म्हणाला. लोक हसले.

नूतन पुढे आली. तिने निकेशकडे पाहिलं, त्याने मान हलवली, तिने पट्टा सोडला. श्वास पुन्हा आखडला. मी माझा दुपट्टा तसाच कसून बांधला. श्वास पुन्हा लांबला.

समोर माझ्या शाळेची मुलं बसली होती. त्यांना मी पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला लावला. म्हटलं, छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा आहे, तो श्वास ओढतो. त्याच्या नसा मानेत, मार बसला त्याच्याही वरून निघतात, म्हणून त्या वाचल्या. पण पोटाच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंना आता मेंदूचा निरोप पोचत नाही. निकेश बसला की ढिलं पोट पुढे लोंबतं, पडदा खाली सपाट होतो आणि त्याला नीट ओढता येत नाही. कापडाने पोट दाबलं की पडदा पुन्हा वर येतो. कापड कोणतंही चालतं. सुरुवातीला तर श्वास घेताना त्याची छाती आत जायची. महिन्यांमागून महिने गेले, बरगड्यांमधले ढिले स्नायू ताठ झाले, मानेचे स्नायू मदतीला आले. शरीराने केलेलं हे काम बाबांनी आपल्या नावावर लावलं.

"अन् पाय कसा उडाला?" देवाजीने विचारलं.

मी निकेशला विचारलं, काडी कळली का.

"नाई, गुरुजी. पाय उडाला, ते दिसलं फक्त."

पाय झटकायचा हुकूम मार बसलेल्या जागेखालचा मज्जारज्जूच देतो, मेंदूला त्याची खबर नसते, हे मी सांगितलं.

"म्हणजे हे आपल्या पायानं चालणार नाई का?" नूतनने विचारलं.

"चालेल, असं वचन मी देऊ शकत नाही. डॉक्टरीणबाईंनीही दिलं नाही."

तिने डोळे पुसले. मग निकेशला आडवं करवून त्याच्या बरगड्यांखाली दोन्ही हात ठेवले. तो खोकला, तिने दाबलं. पुन्हा दाबलं. कफ सुटला. घरघर थांबली. पाप लागेल, असं बजावत बाबा मांडवाच्या मागच्या बाजूने गेले. लोकही पांगले. चमत्कार संपला होता, आता पाहायला काही उरलं नव्हतं. रिकाम्या होणाऱ्या मांडवाकडे निकेश बघत राहिला.

मुलांनो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक गोष्ट बदलून पाहा. पट्टा बदला, माणूस बदला, मंत्र गाळा. तरी तेच घडलं, तर कारण दुसरीकडे शोधा. आणि निकेश आता घरी आहे, त्याच्याकडे जा. तो चार शब्द बोलतो आणि श्वासासाठी थांबतो. त्याला थांबू द्या. गोष्ट संपली समजून उठू नका.